कोहळ्याचा मध्य

शनिवार, १९ ऑक्टोबर १९१२. खंडेनवमी

नन्सनी मला रागसुद्धा इंग्रजीत लिहायला शिकवला होता, पण त्या भाषेत तो फार सभ्य होतो. म्हणून आजचं मराठीत.

आमच्या घराण्यात नवमीला शस्त्रपूजेनंतर कोहळा कापतात. एका घावात, बरोबर दोन सारखे भाग. एक दाराच्या या बाजूला, एक त्या बाजूला, दोन्हींवर कुंकू. भाग सारखे झाले की सगळ्या भाऊबंदांना वर्ष सारखं जातं. पूर्वजांनी म्हैसूरच्या फौजेत डोकी कापली, आम्ही कोहळे कापतो. त्याचा मान आमच्या शाखेकडे आहे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे, रणोजीरावाकडे. दादा घोडदळातून जमादार म्हणून निवृत्त झाला. वडील गेल्यापासून तोच कापतो.

विधवेने त्या वेळी अंगणात थांबायचं नसतं. नवव्या वर्षी कपाळ पांढरं झालं म्हणून वडिलांनी मला बंगळूरच्या कॉन्व्हेंटात घातलं. पुढे मी मुलींना गणित आणि भूगोल शिकवला, हेडमिस्ट्रेस होऊन पेन्शनीत निघाले, तरी कोहळ्याला माझी सावली चालत नाही. म्हणून मी माडीच्या खिडकीतून पाहते. तिथून अंगणातल्यापेक्षा चांगलं दिसतं, हे कळलं तर ती खिडकीही खिळे मारून बंद करतील.

दादाने धोप तलवार उचलली, जरा थांबला आणि घातली. घाव तिरका गेला. पण गेला तो कोहळ्याच्या पोटातून, अगदी मध्यातून. मी वरून पाहिलं. भटजींनी एक तुकडा कापल्या बाजूवर उभा ठेवला, दुसरा पडला तसा आडवा राहू दिला. साहजिकच एक कळसासारखा दिसला आणि दुसरा होडीसारखा.

"सारखे नाही झाले!" चुलतभाऊ तुकोजी लगेच ओरडला. जणू ओरडायलाच टपला होता. "एक थोरला, एक धाकटा!"

मी खिडकीतून म्हटलं, "तुकोजी, उभा माणूस निजला म्हणून धाकटा होतो का रे?"

सगळ्यांनी वर पाहिलं. दादाने मात्र पाहिलं ते भलतीकडेच, नारळाच्या झाडाकडे. अपमानाने माणूस असा भांबावतो.

रविवार, २० ऑक्टोबर. दसरा

पुरावा गाईने खाल्ला. सकाळी दाराशी कुंकू लागलेली साल तेवढी उरली होती. गाय तुकोजीची आहे. मी आरोप करत नाही, फक्त लिहून ठेवते.

भाऊबंद बसले. अध्यक्ष गंगाधरराव. जन्म गेला म्हैसूरच्या राजवाड्याच्या तबेल्याचा कारभार बघण्यात, त्यामुळे सारखे भाग त्यांना घोड्याच्या हरभऱ्यापुरते कळतात. निकाल दिला, घाव चुकला, पुढल्या वर्षापासून मान तुकोजीकडे. दादा भांडला नाही. उलट "बरोबर हाय" म्हणाला. माझ्या भावाने! घोड्यावरून पडून हाड मोडलं तेव्हाही जो घोड्याला दोष देत होता, त्याने!

संध्याकाळी सगळं गाव राजवाड्याकडचे दिवे बघायला लोटलं. दादा उठला नाही. मला म्हणाला, "काय बघायचं, सोयरा? एक दिवा दुसऱ्यात मिसळतो. एकेकाला केवढं कडं पडतं."

दुःखाने जमादारही कवी होतो. हा माणूस मानहानीने खंगून मरेल. मी तसं होऊ देणार नाही.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

सुमित्रावहिनींकडून बेसनाचा लाडू मागून घेतला, कापायला दोरा घेतला आणि दादापुढे बसले.

त्याला सांगितलं ते असं. लाडू गोल. त्याच्या मध्यातून दोरा कसाही ओढ, उभा, आडवा, तिरका, भाग सारखेच पडणार. आता तोच लाडू लांबीकडून एकसारखा ताणला, थोडा दाबलाही, तरी दोन्ही भाग सारख्याच प्रमाणात ताणले जातील. सारखे होते ते सारखेच राहतील. आणि ताणलेला लाडू म्हणजेच कोहळा. कॉन्व्हेंटातल्या आमच्या मदर याला एलिप्सॉइड म्हणायच्या. त्याला तीन आस असतात, लांबीचा, रुंदीचा आणि उंचीचा, आणि तिन्ही मध्यात भेटतात. त्या मध्यातून गेलेला कुठलाही काप, कितीही तिरका असो, त्याचे दोन समान भाग करतो. देवाने इतकी निःपक्षपाती वस्तू दुसरी केलेली नाही.

"म्हणजे तुझा घाव चुकलेला नाही," मी म्हटलं. "चुकली ती भटजींची मांडणी आणि तुकोजीची अक्कल."

दादा म्हणाला, "तुझं बरोबर असंल. पण जाऊ दे की सोयरा. तुकोजी कापू दे."

असं म्हणत त्याने लाडू समजून दोऱ्याची गुंडी उचलली आणि तिचा चावा घेतला. मन अजिबात थाऱ्यावर नाही.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

देवराज मार्केटातून कोहळे आणले. मध्य काढून तिरके कापले, तराजूत टाकले. भाग सारखे भरले नाहीत.

दोष सिद्धान्ताचा नाही, कोहळ्यांचा आहे. देठाकडे निमुळते, बुडाशी फुगलेले. एक तर कमरेत वाकलेला होता, तुकोजीसारखा. एलिप्सॉइड व्हायचं तर अंगाला काही शिस्त लागते. उद्या पुन्हा जाईन. बाजारातली बाई विचारत होती, "अम्मा, भाजी करणार, का मुलीला स्थळ बघताय?"

शनिवार, २६ ऑक्टोबर

कोहळ्याची भाजी, कोहळ्याचं सांबार, कोहळ्याची कोशिंबीर. वहिनी पळी आपटून वाढतात.

सोमवार, २८ ऑक्टोबर

आज बाजारातून लवकर परतले, तर दादाच्या खोलीतून तुकोजीचा आवाज. दार ढकललं. तुकोजी पलंगाच्या काठावर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होता, बाल्कनमध्ये तुर्कांची कशी दाणादाण उडाली ते. मला बघताच पेपर बुडाखाली सारला.

"काय वाचतोस?"

"काही नाही अक्का. सुम्ने, उगीच, वेळ जात नव्हता म्हणून."

मान हिरावून घेतलेल्या जमादाराच्या उशाशी बसून हरलेल्या फौजेच्या बातम्या वाचायच्या! छळाचे प्रकार कॉन्व्हेंटात मी पुष्कळ ऐकले होते, संतांना तेलात तळल्याचेसुद्धा, पण हा नवा होता. त्यातून वहिनींनी त्याला कॉफी आणून दिली. त्याने एक पेला उचलून दादाच्या हातात दिला, बोटं धरून पेल्याभोवती नीट मिटवली. ढोंगाला काही सीमा?

"भावजी रोज येतात," वहिनी हळूच म्हणाल्या. "तुम्ही बाजारात गेलात की."

"रोज? आणि तुम्ही कॉफी देता?"

"मग काय कोहळा देऊ, वन्सं?"

या घरात शत्रूला कॉफी मिळते आणि मला उत्तरं.

बुधवार, ३० ऑक्टोबर

जिंकले!

भाऊबंदांची बैठक गंगाधररावांच्या पडवीत होती. मला बोलावलं नव्हतं, म्हणून वेळेवर गेले. पातेल्यात रागीमुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचे गोळे, नेले होते. चांगले घट्ट शिजवलेले, हातांनी वळून कोहळ्याच्या आकाराचे केलेले. शिवाय वीणेची जुनी तार आणि तराजू.

"हे काय अक्का, जेवण आणलंत?" गंगाधरराव म्हणाले.

"अक्कल आणलीय. ज्याला कमी पडत असेल त्याने वाढून घ्यावी."

पहिला मुद्दा मध्यातून तिरका कापला, दोन्ही पारड्यांत टाकला. काटा मधोमध. दुसरा आणखी तिरका कापला. पुन्हा मधोमध. मग एक तुकडा उलटा फिरवून दुसऱ्याच्या शेजारी ठेवला. जुळी भावंडं! मंडळी पुढे सरकली. तिसरा मी गंगाधररावांनाच कापायला दिला. त्यांनी जीभ बाहेर काढून, एकदम सरळ कापला, पण मध्य सोडून. पारडं धाडकन खाली गेलं.

"बघा. तुम्ही सरळ कापलंत आणि मध्य चुकलात. दादाने तिरकं कापलं आणि मध्य साधला. तुम्हाला रेघ दिसते, त्याला मध्य दिसतो."

हे ऐकून तुकोजी का कोण जाणे खाली बघू लागला. मग म्हणाला, "अक्का, पृथ्वीपण अशीच, ध्रुवांकडं चपटी हाय म्हणून तू पोरींना शिकवायचीस ना? मग तीपण काप की."

"काप तू. फक्त कापताना उभा कुठे राहणार ते आधी सांग."

सगळे हसले. गंगाधरराव मुद्द्याचा एक तुकडा तोंडात टाकत म्हणाले, "रागी सारखी झाली, कबूल. पण कोहळा सारखा झाला होता का? दिवाळीच्या पाडव्याला रणोजीराव सगळ्यांदेखत पुन्हा कापू देत. तिरका कापा, वाकडा कापा. तराजूत टाकू. सारखे भरले तर मान त्यांचा, आणि ते जिवंत असेपर्यंत कोणी हूं की चूं करायचं नाही."

तुकोजीला घाम फुटला. मी प्रत्यक्ष पाहिला. परतताना तो माझ्यामागून धावत आला.

"अक्का, काय करून बसलीस हे? सगळ्यांदेखत? पोरं असतात तिथं. भटजी जवळ उभे असतात. गेल्या वर्षी त्यांचं उपरणं—"

"ते वाऱ्याने मध्ये आलं होतं. दादानेच सांगितलं."

"बिडी, सोड हे, अक्का. माझं ऐक. मीच वाईट ठरू दे. पण हे नको."

"तू वाईट ठरलेलाच आहेस," मी म्हटलं. "त्यासाठी पाडव्याची गरज नाही."

रविवार, ३ नोव्हेंबर

दादा सराव करतो. करावाच लागतो, मी शेजारी उभी राहते. आज त्याने वाळत घातलेलं धोतर उभं चिरलं आणि मग तुळशीच्या कट्ट्याचा टवका उडवला. कोहळ्याला मात्र काही झालं नाही.

"हातात जोर आहे अजून," मी म्हटलं.

"जोर हाय," तो म्हणाला.

वहिनी पदर तोंडाला लावून रडत होत्या. "वन्सं, थांबवा हे. त्यांना—"

"सुमित्रा!" दादाने हाक मारली. तो आवाज मी कवायतीच्या मैदानानंतर ऐकला नव्हता. वहिनी आत गेल्या. नंतर विचारलं, काय सांगत होतात? तर म्हणाल्या, मीठ संपलंय.

लिहायचं तर खरं लिहावं. आज क्षणभर वाटलं, हा मान दादाला हवा आहे, की मला? लगेच तो विचार बाजूला केला. न्याय हा न्याय. ज्याला तो मिळतोय त्याला तो हवाच असतो असं नाही, हे मी शाळेत कित्येकदा पाहिलंय.

शनिवार, ९ नोव्हेंबर

सापडला! सरगूरहून आलेल्या गाडीत होता. शाळेतला मोठा लाकडी कंपास लावून सगळीकडून तपासला. दोन्ही टोकं सारखी, पोट एकसारखं, कुठेही खळगा नाही. मध्यावर हळदीची रेघ ओढली. त्या मध्यातून रेघ कुठेही गेली असती तरी चाललं असतं, पण मंडळींना काहीतरी सरळ दिसलं की बरं वाटतं.

दादाला कोहळा दाखवला. त्याने तो दोन्ही हातांनी सगळीकडून चाचपला, लहान मुलाचं डोकं चाचपावं तसा. "चांगला हाय गं," म्हणाला. आज जेवला नाही.

रविवार, १० नोव्हेंबर. पाडवा

जसं झालं तसं लिहिते.

मध्य फक्त मला ठाऊक, म्हणून गंगाधररावांनी मला अंगणात उभं राहू दिलं. जन्मात पहिल्यांदा. माझी सावली कोहळ्यावर पडली आणि कोहळा जसाच्या तसा राहिला. पाटावर कोहळा, एका बाजूला मी, समोर दादा, हातात धोप. कुंपणावर पोरं चढून बसलेली. तुकोजी त्यांना सारखा मागे ढकलत होता, "सरका रे, आणखी मागं, आणखी!"

ऊन स्वच्छ होतं. दादाने धोप उचलली. खाली घेतली. पुन्हा उचलली. मग किंचित पुढे वाकला आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "सोयरा, कोहळा कुठं हाय?"

कोहळा त्याच्यापासून दोन हातांवर होता. पांढराशुभ्र, घागरीएवढा, हळदीची पिवळी रेघ ओढलेला.

मी दादाच्या तोंडाकडे पाहिलं. इतका वेळ तो माझ्याकडे बघतोय असं मी धरून चालले होते. तो माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होता. तेवढ्यात कुंपणावरचं एक पोर शिंकलं. दादाची मान तिकडे वळली आणि तिच्याबरोबर धोपेचं टोकही.

"थांबा!" मी ओरडले.

मग पाटाशी बसले, कंपास उघडला, कोहळ्याला लावला. या टोकाला, त्या टोकाला, पोटाला. वेळ घेतला. कंपास दोनदा हातातून निसटला, तो जुना असल्यामुळे.

"हा कोहळा चालणार नाही," मी उठून म्हटलं. "सदोष आहे. हा एलिप्सॉइडच नाही."

"अहो, काल तर तुम्हीच—" गंगाधरराव म्हणाले.

"काल होता. एका रात्रीत देठाकडे बसला."

"कोहळा बसतो?"

"तुमच्या तबेल्यात घोडे बसत नव्हते? कोहळ्याने काय पाप केलं?"

मंडळींत कुजबूज झाली. मी शाळेच्या वार्षिक समारंभाचा आवाज काढला. "सिद्धान्त खऱ्या एलिप्सॉइडचा आहे. वाकड्या कोहळ्यावर रणोजीरावांची परीक्षा घेणं हा अन्याय आहे आणि तो मी होऊ देणार नाही. निर्दोष कोहळा मिळेपर्यंत परीक्षा तहकूब. मान दादाचाच. तोवर दादाच्या वतीने तुकोजी कापेल. कोणाला शंका असेल तर त्याने पुढे यावं, मी पहिल्यापासून समजावून सांगते. मुद्दे घरात तयार आहेत."

पुढची रांग एक पाऊल मागे सरकली.

तुकोजी माझ्याकडे टक लावून बघत होता. मग एकदम घसा खाकरून म्हणाला, "अक्का म्हणते ते शास्त्राला धरून हाय."

"आयितु, झालं तर मग," गंगाधरराव म्हणाले. त्यांना पाडव्याचं जेवण खुणावत होतं.

तुकोजी दादाजवळ गेला. धोप हिसकावली नाही. दादाच्या मुठीवर हात ठेवला, आणि दादाने मूठ उघडेपर्यंत तसाच थांबला. मग त्याने कोहळा कापला. एक घाव, रेघेवरून.

"वजन करायचं का?" कोणीतरी विचारलं.

"सदोष वस्तूचं वजन करत नाहीत," मी म्हटलं.

मंडळी पांगली. मी दादाच्या कोपराला धरून आत नेलं. पायरीपाशी म्हटलं, "उंबरा आहे." हे मी त्याला या घरात कधी सांगितलं नव्हतं.

तो म्हणाला, "फार वाकडा होता का गं?"

"पार वाकडा."

"मला काहीच दिसलं नाही."

"तुझी चूक नाही दादा. एवढं कोणालाच दिसत नाही."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांच्याकडे मी पाहिलं नाही. त्या सगळ्यांना ठाऊक होतं, हे मला आता ठाऊक आहे. वहिनींना, तुकोजीला, कदाचित त्याच्या गाईलाही. घरात शिकलेली मी एकटी.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

आता सकाळचा पेपर मी वाचते, दुपारचा तुकोजी. बाल्कनमधल्या गावांची नावं तो इतकी चुकीची वाचतो की तुर्कांना स्वतःची हारसुद्धा ओळखू येणार नाही. मी दारात उभी राहून दुरुस्त करते. दादा म्हणतो, तुम्ही दोघं भांडता ते युद्धापेक्षा बरं असतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चल म्हटलं तर म्हणतो, सुरी घेऊन आलेल्या माणसाला जवळ येऊ दिलं नाही म्हणून तर जमादार झालो. बघू. मी कोहळ्याएवढीच चिकाटी त्यालाही लावणार आहे.

भाऊबंद अजून कोहळे पाठवतात, तपासून द्या म्हणून. गंगाधररावांनी तर दोन पाठवले. मी सगळे नापास केले. देठाला कल, बुडाला चपटेपणा, आस तिरका. एकाच्या बाबतीत काहीच सापडेना, तेव्हा "स्वभाव बरा नाही" असं कळवलं. 

आज मार्केटात मात्र एक दिसला. बाईने तो ढिगाच्या अगदी वर ठेवला होता. मी कंपास लावला, फिरवून लावला, पुन्हा लावला. दोन्ही टोकं सारखी, पोट एकसारखं, कुठेही खळगा नाही. असा मी पाहिला नव्हता, सरगूरचासुद्धा असा नव्हता. बाई म्हणाली, "अम्मा, हा तरी पसंत पडला का?"

भाव न करता घेतला, पदराखाली झाकून घरी आणला आणि वहिनींना म्हटलं, आत्ताच्या आत्ता चिरा. बारीक चिरा.

जेवताना दादा म्हणाला, "आजची भाजी छान झालीय. कोहळा कसा होता?"

"वाकडा," मी म्हटलं आणि त्याला आणखी वाढली.